वायंगणकरांचा उजवा वॉल्ट्झ

काही माणसं नाक मुरडतच जन्माला येतात. दशरथ वायंगणकर त्यांतले. जन्मल्या जन्मल्या त्यांनी सुईणीकडेही तुच्छतेनेच पाहिलं असणार, आणि आपलंच काही चुकलं असं समजून ती बिचारी गप्प राहिली असणार. पुढे सगळं आयुष्य लोक त्यांच्यापुढे असेच गप्प राहिले, आणि लोकांना आपलं म्हणणं पटतं अशी वायंगणकरांची समजूत होत गेली. पाटाचं पाणी जसं एकदा लागलेल्या वळणानेच वाहतं, तसं त्यांचं झालं.

तळकोकणातून ते वडिलांबरोबर लालबागेत आले, फोर्टमधल्या एका कचेरीत चिकटले, हेडक्लार्क होऊन निवृत्त झाले. मधल्या काळात चाळीतली खोली विकून त्यांनी भाईंदर पश्चिमेला दोन खोल्यांचं घर घेतलं, आणि भाईंदरात राहून भाईंदरात न राहण्याची विद्या साधली. कुणी पत्ता विचारला तर म्हणत, "बोरिवलीच्या जरा पुढे." इथल्या मेथीला वास नाही, इथल्या वड्याला चव नाही, इथल्या रिक्षावाल्यांना रीत नाही. शेजारचे मारवाडी फार बोलतात, वरचे गुजराती फार हसतात, समोरचा बंगाली कुटुंबकबिला तर जिन्यातच राहतो. आणि या सगळ्यांच्या पलीकडे, खाडी आणि मिठागरं ओलांडून, समुद्राला टेकलेलं उत्तन. उत्तन म्हणजे त्यांच्या लेखी बांबूवर बोंबील वाळवणारं गाव, एवढंच. तो बोंबील ताटात आला की मात्र वायंगणकर त्याच्याशी भांडत नसत.

ज्याच्या खळ्यात दाणा नसतो, तो दुसऱ्याच्या खळ्यातले खडे मोजतो. वायंगणकरांच्या खळ्यात एकच दाणा होता, त्यांची मुलगी सुरुची. आणि नेमकी तीच लग्न करून उत्तनला निघाली.

मुलगा एल्टन. अंधेरीच्या कचेरीत तिच्या शेजारच्या टेबलावर बसायचा. बाप रेमंड, आयुष्यभर बोट चालवलेला, आता बोट भावाच्या हवाली करून चर्चच्या कट्ट्यावर बसणारा. आई आयरिन. सुरुचीने घरी सांगितलं तेव्हा वायंगणकर नाही म्हणाले नाहीत. हो सुद्धा म्हणाले नाहीत. "बघू," म्हणाले, आणि वर्षभर बघत राहिले. अखेर पोरांनी लग्नाच्या कचेरीत नाव घातलं, तारीख ठरली, तरी त्यांचं बघणं संपलं नव्हतं. मनातून पसंत होतं की नव्हतं, हे खुद्द त्यांनाही सांगता आलं नसतं. त्यांनी आजवर पसंत असं काही करून पाहिलंच नव्हतं, मग कळणार कसं?

एका संध्याकाळी रेमंड आणि आयरिन मिठाईचा पुडा घेऊन भाईंदरला आले. रेमंडचा आवाज समुद्रावर कमावलेला. तो हळू बोलला तरी खालच्या मजल्यावर ऐकू जाई.

"कचेरीत सही झाली का, संध्याकाळी आमच्याकडं पार्टी," तो म्हणाला. "पयला नाच नवरीचा न तिच्या बापाचा. मंग बाकीचे सगळे उतरतात. अशी रीत हाय आमची."

"नाच?" वायंगणकरांनी हा शब्द बशीत पडलेल्या माशीसारखा उचलला.

"वॉल्ट्झ ओ. एक-दोन-तीन, एक-दोन-तीन," आयरिन हसून म्हणाली. "सोपा हाय. तुमी रविवारी या ना, भाऊ. मी शिकवते. आमची पोरं पाच वर्साची असतात तवा शिकतात."

पाच वर्षांच्या पोराचं शिक्षण साठी उलटलेल्या हेडक्लार्कला देऊ करणं यात अपमान शोधायला फार लांब जावं लागत नाही. वायंगणकर तर शोधायच्या आधीच पोचले.

"शिकवायची गरज नाही," ते म्हणाले. "आम्हीही काही जंगलातून आलेलो नाही."

पाहुणे गेल्यावर सुरुची त्यांच्यासमोर येऊन बसली. "बाबा, एक सांगू? उत्तनमध्ये सगळे म्हणतात, पोरीचा बाप राजी नाही. एल्टनच्या मावश्या तोंडावर विचारतात मला. त्या दिवशी तुम्ही माझ्याबरोबर नाचलात तर ते बोलणं तिथेच मिटेल. नाही नाचलात, तर ते मला जन्मभर ऐकावं लागेल."

वायंगणकर चहा फुंकत राहिले.

"पण मनात नसेल तर नाचू नका," ती पुढे म्हणाली. "खोटं नको. मला कळेल, आणि त्यांनाही कळेल."

"नाचेन," वायंगणकर म्हणाले. "पण शास्त्रशुद्ध. तुझ्या सासऱ्यासारखं होडी हलल्यागत नाही."

राजी आहे, असं काही ते म्हणाले नाहीत. सुरुचीने थोडी वाट पाहिली, मग कप उचलून आत गेली.

दुसऱ्या दिवसापासून वायंगणकरांनी मोबाईल टीव्हीला जोडून नाच शोधायला घेतला. शोधता शोधता त्यांना एक अमेरिकन मास्तर सापडला. कणसाच्या दाण्यांसारखे दात, सपाट पोट, सोबत लांब मानेची एक बाई. खाली लिहिलं होतं: अमेरिकन पद्धत. तेवढ्या दोन शब्दांनी वायंगणकरांचं काम झालं. उत्तनवाल्यांनी पोर्तुगीजांकडून उचललेलं, आणि आपण थेट अमेरिकेकडून घेणार. "मूळ पद्धत!" ते बायकोला म्हणाले. मूळ कुठलं आणि फांदी कुठली हे बायकोने विचारलं नाही. हंसाबाईंनी चाळीस वर्षांच्या संसारात असे पुष्कळ प्रश्न वाचवले होते.

मास्तर चौकोनाने सुरुवात करी. एक पाऊल पुढे, एक बाजूला, पाय जुळवायचे. एक मागे, एक बाजूला, पुन्हा जुळवायचे. सहा पावलांत जमिनीवर चौकोन. लहान मूलही करील. पण वायंगणकर पहिल्याच पावलाला अडले.

"हा डावा पाय आधी टाकतो," ते म्हणाले.

"मग?" हंसाबाई लसूण सोलत होत्या.

"मग काय मग! नवी नवरी माप ओलांडते ती कुठल्या पायाने?"

"उजव्या."

"नवीन दुकानात मारवाडी कुठला पाय घालतो?"

"उजवा."

"आणि हा शहाणा मंगल कार्यात डावा टाकतो. काय बोलायचं? यांच्याकडे रीतभात म्हणून नाहीच. घटस्फोट उगाच होत नाहीत तिकडे."

त्यांनी उजवा टाकला. आणि गंमत अशी, की पडद्यावर ते अगदी जुळलं. मास्तर त्यांच्याकडे तोंड करून उभा, त्यामुळे त्याचा डावा पाय यांच्या उजव्यासमोर पडे. आरशात पाहावं तसं. मास्तर डावा हात उचली, तेव्हा यांचा उजवा वर जाई. "बघ!" वायंगणकर म्हणाले. "त्याचं चुकलेलं मी दुरुस्त केलं, तरी ताल सुटत नाही. म्हणजे बरोबर कोण?"

चुकीची वाट उताराची असली की माणसाला आपण वेगाने चाललोय असंच वाटतं.

आठवड्याभराने मास्तर चौकोनातून बाहेर पडला आणि त्याने फिरायला शिकवलं. जमिनीवर खडूने मोठं वर्तुळ काढून दाखवलं, की सगळ्या जोड्यांनी दालनाभोवती एकाच दिशेने जायचं, मधला भाग आपल्या डाव्या हाताला ठेवून. वायंगणकरांनी तिथे चित्र थांबवलं. चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं.

"हंसा, इकडे ये. हे बघ. मध्य डावीकडे ठेवून फेरा."

हंसाबाईंनी पाहिलं, आणि पहिल्यांदाच त्यांच्या तोंडची चेष्टा मावळली.

देवाला फेरी घालताना देव उजव्या हाताला असतो. होमाभोवती, तुळशीभोवती, वडाभोवती, सगळीकडे उजवी फेरी. डावी फेरी माणूस एकदाच घालतो, खांद्यावर गळतं मडकं घेऊन. वायंगणकरांनी आपल्या वडिलांच्या चितेभोवती ती घातली होती. ओल्या धोतराने, उघड्या अंगाने, मागे पाण्याची रेघ ओढत.

"हा तर स्मशानातला फेरा," ते म्हणाले. या एका वेळी त्यांच्या आवाजात तुच्छता नव्हती. पण सवय मोठी वाईट. ती लगेच परत आली. "यांना कोणी सांगितलंच नाही वाटतं. आकाशात माणूस पाठवतील, पण फेरा कुठल्या बाजूने घालावा ते कळत नाही!"

"पोरीच्या लग्नात उलटं फिरायचं नाही हं," हंसाबाई म्हणाल्या. "बाकी काय करायचं ते करा."

"फिरणार कोण? मी?"

झालं. त्या घटकेपासून वायंगणकरांनी सगळी अमेरिकन पद्धत उलटी करायला घेतली. त्यांच्या मते सुलटी. मास्तर डावीकडे वळे, ते उजवीकडे वळत. मास्तर बाईचा उजवा हात धरी, ते हंसाबाईंचा डावा धरत. टीपॉयभोवती उजवी फेरी सुरू झाली. मळणीच्या खांबाभोवती, तिवड्याभोवती, बैल फिरतो तसे वायंगणकर फिरत. फरक इतकाच, की बैलाच्या पायाखाली निदान दाणे सुटे होतात.

हंसाबाईंना सगळा वेळ मागे चालावं लागे.

"अहो, किती मागे नेताय? फ्रिज लागला."

"बाईने मागेच चालायचं असतं. पद्धत आहे."

"मग त्यात नवीन काय शिकले मी?"

"मान वर! त्या बाईची मान बघ."

"तिला सकाळी डबे करायचे नसतील."

खालच्या मजल्यावरचा बंटी एकदा वर आला. दाराबाहेरूनच विचारलं, "अंकल, टाइल बदल रहे हो क्या?" वायंगणकरांनी त्याला उत्तर दिलं नाही. कलेची चाड नसलेल्या माणसाशी हिंदीत काय बोलायचं?

सुरुची रात्री कामावरून यायची. दोनदा म्हणाली, "बाबा, एकदा माझ्याबरोबर करून बघू या ना." वायंगणकर म्हणाले, "मी आहे ना? तू फक्त हलकी राहा." तिला बरं वाटत असावं. बाप घाम गाळतोय, म्हणजे काहीतरी मनात असेल. पण काय असेल ते तिला कळत नव्हतं, आणि विचारायचा धीर होत नव्हता.

लग्नाच्या सह्या सकाळी झाल्या. संध्याकाळी उत्तनला, समुद्राच्या बाजूच्या मैदानात, मांडव झगमगला. खाऱ्या वाऱ्याने झालरी फडफडत होत्या, मधूनच वाळत्या मासळीचा वास येऊन अत्तराच्या वासात मिसळून जाई. सगळं उत्तन नटून आलं होतं. ताठ कोटातले म्हातारे, लुगड्यावर सोनं घातलेल्या म्हाताऱ्या, चकाकत्या झग्यांतल्या पोरी. बँडवाल्यांनी ट्रम्पेटं पुसून ठेवली होती. वायंगणकरांनी हे सगळं एका नजरेत पाहिलं आणि एका नजरेत नापसंत केलं. कोट जुने, फुलं कागदाची, दिवे भडक. म्हातारे तर वाइनचा पेला असा धरतात जसा काही गंगाजळाचा आहे. त्यांनी स्वतः नवा सूट शिवला होता. शिंप्याने खांदे जरा जास्त भरले होते, त्यामुळे वायंगणकर कपाट उघडं ठेवल्यासारखे दिसत होते. पण हे त्यांना कोण सांगणार?

कोपऱ्यातल्या मावश्या त्यांच्याकडे पाहत होत्या. वायंगणकरांना ते कळत होतं. सुरुचीलाही. पांढऱ्या साडीत ती एल्टनजवळ उभी होती आणि सारखी बापाकडे बघत होती.

कार्यक्रम चालवणाऱ्या माणसाने माईकवरून नाव पुकारलं. वायंगणकर उठले, मधल्या लाकडी फरशीवर आले, आणि त्यांनी हात पुढे केला.

"बाबा, दुसरा हात," सुरुची पुटपुटली.

"मला माहीत आहे कुठला ते."

तिला एल्टनने शिकवलेलं एक, बापाने धरलेलं भलतंच. पण ती हलकी राहिली. बँड सुरू झाला, वायंगणकरांनी उजवा पाय टाकला, आणि खरं सांगायचं तर बरं चाललं. फरशी मोकळी होती. मोकळ्या माळावर उधळलेला बैलही देखणाच दिसतो. चौकोन झाला, वळण झालं, उजवी फेरी सुरू झाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मावश्यांच्या माना एकमेकींकडे वळल्या. सुरुचीच्या चेहऱ्यावर महिन्याभरात पहिल्यांदा सैलपणा आला. वायंगणकरांनी तो पाहिला, आणि आपल्या पदन्यासाचा परिणाम असं समजून छाती आणखी पुढे काढली.

मग माईकवरचा माणूस म्हणाला, "आता सगळे या!"

सगळं उत्तन फरशीवर उतरलं. जोड्या लागल्या, आणि भरतीचं पाणी खाडीत शिरावं तशी ती गर्दी वळली. डावीकडे. पिढ्यान्‌पिढ्या वळत आली तशी.

पहिला धक्का रेमंडच्या खांद्याचा. "दशरथभाऊ, इकडून, इकडून!" तो हसत ओरडला आणि आयरिनला घेऊन निघून गेला. दुसरा धक्का एका जाड मावशीचा. तिसऱ्याने चष्मा नाकावर तिरका झाला. वायंगणकर दात आवळून उजवीकडेच रेटत राहिले.

"बाबा, आपण उलटे जातोय."

"उलटे ते जातायत."

"बाबा, सगळे..."

"सगळे चुकले म्हणजे बरोबर होतं काय?"

चौथ्या धक्क्याला वायंगणकर थांबले. फरशीच्या मधोमध. त्यांनी मुलीचा हात सोडला.

ते सगळ्यांनी पाहिलं. बापाने पोरीचा हात सोडला. जवळच्या जोड्या थबकल्या, मग त्यांच्या मागच्या. ट्रम्पेट एक सूर लांबवून गप्प झालं. कोपऱ्यात एक मावशी दुसरीला म्हणाली, "मी सांगतलं न्हवतं?" आणि शांततेत ते सगळ्यांना ऐकू गेलं. सुरुची पांढऱ्या साडीत तशीच उभी राहिली, रिकामा हात हवेत धरून. तिचा चेहरा मीठ धरल्या वाफ्यासारखा कोरडा, पांढरा पडला होता.

"तुम्ही लोक," वायंगणकर मांडवाला उद्देशून म्हणाले, "वर्षानुवर्षं हे असंच फिरता काय?"

त्यांनी तिरका झालेला चष्मा सरळ केला.

"डाव्या बाजूने! लग्नात! अहो, आमच्यात असा फेरा मढ्याभोवती घालतात. चितेभोवती. मी घातलाय माझ्या वडिलांच्या. आणि आज माझ्या पोरीच्या संसाराचा पहिला दिवस, मी तिला हाताला धरून तसा फेरा घालू? तुम्हाला चालत असेल. मला चालणार नाही. जन्मभर तुमचं गाव मला नावं ठेवू दे, मी उलटा फिरणार नाही. तिला काही व्हायला नको!"

शेवटचं वाक्य त्यांचा आवाज चिरून बाहेर आलं. त्यांना ते जाणवलं नाही. ते कॉलर सारखी करत होते.

मग आयरिन पुढे आली. कपाळावरचा घाम तिने पदराने टिपला, आणि कोपऱ्यातल्या मावश्यांकडे तोंड करून म्हणाली, "आयकलंत? ज्याला पोरगी द्यायची न्हाय, त्याला शकुन काय न अपशकुन काय! नको असलेल्या लग्नापायी कोन असा भांडतं? ह्यो बाप राजी हाय. आपुनच वरीसभर उगाच तोंडं चालवली."

सुरुचीने ते ऐकलं. तिने तोंडावर हात धरला.

वायंगणकरांनी ऐकलं नाही. ते बँडमास्तरला सांगत होते, "एवढं घाईत वाजवू नका. अमेरिकेत याहून सावकाश असतं."

"मंग, भाऊ," आयरिनने विचारलं, "कुठून फिरायचं?"

"असं. मध्य उजव्या हाताला. आणि उजवा पाय आधी. सोपं आहे, पाच वर्षांच्या पोरालाही जमेल."

उत्तनकर आधीच दोन पेले प्यालेले, त्यात लग्नघर. पोरं ओरडली, "उजवीकडून! उजवीकडून!" बँड सुरू झाला आणि अर्धा मांडव उजवीकडे वळला. उरलेला अर्धा सवयीने डावीकडे गेला. मग जी काही झुंबड उडाली ती सांगता सोय नाही. म्हातारे म्हाताऱ्यांवर आदळले, झगे पायात आले, एल्टनचा मामा भलत्याच बाईबरोबर निघाला आणि दोन फेऱ्यांनी त्याला कळलं. लोक पोट धरून हसत होते. हंसाबाई खुर्चीवर बसून डोळे पुसत होत्या. हसून की कशाने, ते विचारायला कोणी जवळ नव्हतं. रेमंड फरशीवरून उतरून कडेला उभा राहिला.

"माझे पाय आता न्हाय वळायचे," तो म्हणाला.

"वळतील," वायंगणकर जाता जाता दयेने म्हणाले. "सवय करा. तुमचंही आयुष्य चुकीच्या संगतीत गेलं, त्याला तुम्ही काय करणार?"

रेमंड पेला हलवत त्यांच्याकडे पाहत राहिला. एवढ्या मोठ्या मूर्खाला आपण व्याही म्हणणार, हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं. वायंगणकरांनी तो आदर समजला. काही माणसांना देव अक्कल देत नाही, पण तिच्याऐवजी असं काहीतरी देतो, की तिची उणीव त्यांना कधी भासू नये. अशा माणसाचा राग धरून उपयोग नसतो. डोंगराने वाट अडवली म्हणून त्याच्याशी कोणी बोलणं सोडतं काय?

सुरुचीने बापाचा हात पुन्हा धरला. तिला पावलं दिसत नव्हती, डोळे भरले होते. तिचा पाय दोनदा त्यांच्या बुटावर पडला.

"रडतेस काय?" वायंगणकर म्हणाले. "खाली बघू नकोस. मान वर. आणि हे काय, डावा टाकतेस? कोणी शिकवलं तुला?"

"एल्टनने," ती हुंदक्यातून हसली.

"तरीच," वायंगणकर म्हणाले, आणि पोरीला जपून, कोणाचा धक्का लागू न देता, वळणावरून पुढे घेऊन गेले.